चाकणच्या किल्ल्यातलं जेवण

माझा भाचा वर्षभर स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला शिकायला होता. मी त्याला गाव म्हणतो तेव्हा तो मला दुरुस्त करतो. २००२ पासून ते अधिकृत शहर आहे. आपल्या हिशेबानं मात्र तालुक्याचं ठिकाण. एक नदी, एक जुना पूल, चढाचे दगडी रस्ते आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या कातळावर बसलेला किल्ला. रविवारी तो तिकीट काढून किल्ल्यात जायचा आणि रात्री आम्हाला फोटो पाठवायचा. कधी तिथून पुढं दूनला जायचा, दहा-बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या किल्ल्यात. सहाशे वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर, त्यात अख्खा बैल भाजता येईल एवढी चूल. माझ्या बहिणीला त्या चुलीचंच जास्त कौतुक.

त्यानं सांगितलेल्या गोष्टींपैकी एक माझ्या डोक्यात राहिली. फेब्रुवारी १४५२. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स यानं डग्लस घराण्याच्या बलाढ्य उमरावाला स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावलं. जिवाला धोका नाही असं अभयपत्र दिलं. दोघं जेवले. जेवणानंतर राजानं आपली एक मागणी पुढं केली, डग्लसनं ती नाकारली, आणि राजानं स्वतःच्या हातानं त्याच्यावर सुरा चालवला. मागून दरबारी तुटून पडले. प्रेत खिडकीतून खाली बागेत फेकलं. आज त्या बागेला डग्लसचंच नाव आहे.

“मामू,” भाचा म्हणाला, “तिथं हे सगळं सरळ सांगतात. त्यांचाच राजा, त्यांचाच किल्ला, आणि राजानं पाहुण्याला दगा दिला म्हणून सांगतात. कुणाच्या भावना दुखावत नाहीत.”

मी म्हटलं, “अशीच गोष्ट, त्याच सुमाराची, आपल्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर घडलीय. चाकणला.”

घरात हशा पिकला. आमच्या घरी चाकण म्हणजे शिफ्ट. जावई पहाटे साडेपाचला निगडीतून कंपनीची बस पकडतो आणि परतताना तळेगाव चौकात तासभर अडकतो, ते चाकण. मेहुणीच्या घरी चाकण म्हणजे कांदा आणि बटाटा, कारण त्यांचा आडतीचा धंदा. चाकणला किल्ला आहे हे आमच्यापैकी निम्म्यांना ऐकून माहीत होतं. पाहिलेला कुणीच नव्हता. भाचा महिनाभराच्या सुट्टीवर आला तेव्हा मी दोन रविवार त्याच्या नावानं राखून ठेवले.

स्पाइन रोडनं मोशीला निघालो, तिथून नाशिक रस्ता. इंद्रायणी ओलांडली की चिंबळी फाटा, कुरुळी, आणि मग दोन्ही बाजूंना शेडच शेड. या रस्त्यावर एक गोष्ट बघण्यासारखी आहे, ती म्हणजे जमिनीचा सपाटपणा. पुण्याच्या पश्चिमेला गेलात तर सह्याद्री लगेच अंगावर येतो. इथं उत्तरेला मात्र अहमदनगरच्या बाजूला घाट न लागता जाता येतं, आणि जुन्नरकडं, तिथून पुढं नाणेघाटातून कोकणात उतरायची वाटही इथूनच फुटते. १९९९ मध्ये बजाजनं इथं कारखाना काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आलं, तेव्हा त्यांनीही सपाट जमीन आणि रस्तेच पाहिले. शायिस्ताखानानं १६६० मध्ये हेच पाहिलं होतं. पुण्यात बसलेल्या त्याच्या फौजेला अहमदनगरहून धान्य-दारूगोळा यायचा तर वाटेतलं चाकण आपल्या हातात हवं. ट्रकची रांग लागली होती. त्यामुळं हे सगळं भाच्याला सांगायला मला भरपूर वेळ मिळाला.

किल्ल्यासाठी मान वर करू नका. भुईकोट आहे तो. वस्तीतून वळत वळत गेलात की अचानक एक खंदक दिसतो, त्यात झाडोरा, आणि पलीकडं तटाचा तुकडा. कुठं बुरूज शाबूत, कुठं नुसता दगडमातीचा उंचवटा. आत दामोदर विष्णूचं देऊळ आहे. संग्रामदुर्ग हे त्याचं नाव आता पाट्यांवर ठळक असतं. स्टर्लिंगमध्ये चौथ्या जेम्सचा दरबार हॉल १९९९ मध्ये डागडुजी करून बाहेरून पिवळाधमक रंगवलाय. तो फोटो डोक्यात घेऊन आलेल्या भाच्याचा चेहरा पडला. “एवढंच?” असं तो म्हणाला नाही, पण मी ते ऐकलं.

तटावर एक सावलीची जागा पाहून बसलो आणि मी त्याला जेवणाची गोष्ट सांगितली.

पंधराव्या शतकाचा मध्य. बिदरच्या गादीवर बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा. दरबारात दोन तट पडलेले. एका बाजूला दखनी: इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान, धर्मांतरित स्थानिक, आणि त्यांच्याशी जुळवून घेतलेले हबशी. दुसऱ्या बाजूला आफाकी: इराण, इराक, मध्य आशियातून जहाजानं आलेले शिपाई, व्यापारी, सय्यद, विद्वान. सुलतानाला आफाकी जवळचे. दखन्यांना ते डोळ्यांत सलणारे. आपल्या गावात, आपल्या पगारावर, आपल्या डोक्यावर बसलेले परके.

आफाक्यांचा मोठा सरदार खलफ हसन बसरी. किताब मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. त्याचं ठाणं चाकणच्या किल्ल्यात. कोकण जिंकायला तो इथून निघाला. शिर्क्यांनी त्याला खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, दाखवतो म्हणून जंगलात नेलं. दाट रान, आजारी पडलेला सेनापती, विस्कटलेली फौज. बरेचसे दखनी शिपाई त्या रानात शिरलेच नाहीत. रात्री हल्ला झाला आणि खलफ हसन आपल्या माणसांसह मारला गेला. जे वाचले ते धडपडत चाकणला परत आले. त्यांच्यातले काही बोलून गेले की दखन्यांनी आम्हाला तोंडघशी पाडलं, हे आम्ही सुलतानाला कळवणार.

दखनी सरदारांनी त्यांच्या आधी पत्र पाठवलं. चाकणमधले परदेशी फितूर झालेत, कोकणच्या राजांना मिळणार आहेत. सुलतानानं विश्वास ठेवला. दखनी फौज चाकणवर आली. दोन महिने वेढा चालला. आतल्यांची पत्रं बिदरला पोचू दिली नाहीत. शेवटी बाहेरच्यांनी कुराणाची शपथ घेऊन सांगितलं की तुमच्या जिवाला, मालाला धक्का लागणार नाही, बाहेर या. ते बाहेर आले. मग त्यांच्यातल्या मुख्य माणसांना किल्ल्यात जेवायला बोलावलं. पंगत बसल्यावर दडवलेले हत्यारबंद लोक आले आणि जेवणाऱ्यांना कापून काढलं. त्याच वेळी बाहेरच्या छावणीवर दुसरी तुकडी तुटून पडली. पोरंही सुटली नाहीत. कासिम बेग नावाचा एक सरदार थोडा लांब तळ देऊन होता, त्याला वास आला, तो लढत लढत निसटला आणि सुलतानापर्यंत पोचला. खरं कळल्यावर सुलतानानं पत्र लिहिणाऱ्यांना शिक्षा केल्या. पण चाकणचे मेले ते मेले.

ही हकिकत आपल्याला मिळते ती मुख्यतः फिरिश्त्याकडून. तो विजापूरच्या दरबारात बसून दीड शतकानंतर लिहीत होता, आणि तो स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, म्हणजे आफाकीच. त्याची कळकळ कुणाकडं असणार हे उघड आहे. एखाद्या दखन्यानं हीच कथा लिहिली असती तर तिचा सूर वेगळा असता. तरीही तिचा गाभा कुणी नाकारलेला नाही. बहमनी राज्य पुढं ज्या भांडणानं फुटलं, त्याच भांडणानं १४८१ मध्ये महमूद गावानचा बळी घेतला. तेव्हाही खोटं पत्रच पुढं केलं होतं. चाकण ही त्या रांगेतली आधीची पायरी.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, “मामू, आपण यातले कोण?”

आमच्या घरात बोलतात ती दखनी. “नको”ला “नक्को” म्हणणारी, मराठीच्या मांडीवर वाढलेली. म्हणजे भाषेच्या हिशेबानं आपण पंगतीत वाढणारे, दडून बसलेले. आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्याला जे ऐकवलं जातं, “तुम्ही बाहेरून आलात”, त्या हिशेबानं आपण जेवायला बसलेले. हे मी त्याला बोललो. तो म्हणाला, “दोन्हीकडून आपणच.”

एवढ्यात खालून आवाज आला. दहा-बारा पोरं होती, हातात घमेली, कुदळी, कोयते. रविवारी येऊन किल्ल्यातलं झाडझुडूप काढणारी. अशी मंडळं आता पुष्कळ किल्ल्यांवर दिसतात. माझ्या मते सरकारनं केलं नाही ते काम ही पोरं करताहेत. त्यातल्या एकानं वर येऊन पाणी विचारलं, आम्ही दिलं. कुठले, काय, नाव काय. मी भाच्याकडं पाहिलं. तो एक क्षण थांबला, मग त्यानं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

पोरगा हसत म्हणाला, “मग काका, खानाच्या बाजूनं आलात का फिरंगोजीच्या?”

त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. कॉलेजात मित्र मित्राला टोमणा मारतो, तसं. मी म्हटलं, “आम्ही खेड तालुक्यातले मुलाणी. खानाच्या फौजेनं आमची बकरी खाल्ली असणार. पैसे अजून यायचेत.” पोरं खदखदून हसली. दोघांनी येऊन हात मिळवला. एकानं मला फिरंगोजीचा सुरुंगानं उडालेला बुरूज कुठल्या कोपऱ्यात असावा, ते हातवारे करून सांगितलं. त्याला माहिती चांगली होती.

त्या वेढ्याची हकिकत तुम्हाला शाळेतून माहीत असेल, पण इथं उभं राहून ती वेगळी लागते. २१ जून १६६० ला शायिस्ताखान चाकणपुढं आला. पावसाळा तोंडावर. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैच्या मध्यात निसटले, तरी चाकणला मदत पाठवण्याच्या स्थितीत नव्हते. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा एकटा लढत राहिला. चिखलात मोर्चे बांधायचे, पावसात दारू कोरडी ठेवायची, आणि समोर सपाटीवरचा साधा भुईकोट. छप्पन्न दिवस गेले. १४ ऑगस्टला मोगलांनी भुयार खणून एका कोपऱ्याचा बुरूज सुरुंगानं उडवला. फिरंगोजीनं उडालेल्या बुरुजामागं मातीचा बांध घालून ठेवला होता. त्यामागून दिवसभर लढाई चालली. दुसऱ्या दिवशी किल्ला खाली झाला. बोलणी बुंदीचे राव भावसिंह हाडा यांच्यामार्फत झाली. यदुनाथ सरकारांनी मोगलांचे २६८ मेलेले आणि ६०० जखमी असा आकडा दिलाय. खानानं फिरंगोजीला मोगली चाकरी देऊ केली, त्यानं नाकारली. त्याला सन्मानानं जाऊ दिलं. पुढं तो भूपाळगडाचा किल्लेदार झालेला आपल्याला दिसतो.

आणि किल्ल्याचं नाव खानानं बदललं. इस्लामाबाद.

ही पोरं निघून गेल्यावर भाचा म्हणाला, “तुम्ही हसून सोडलंत.”

“मग काय करायचं होतं?”

“स्टर्लिंगला तेराव्या शतकातल्या लढाईची जागा दाखवतात. पुलावर स्कॉट लोकांनी इंग्रजांना कापलं. तिथं इंग्रज पर्यटक बसनं येतात, आइस्क्रीम खात बघतात. त्यांना कुणी विचारत नाही की तू कुठल्या बाजूनं आलास.”

तो बरोबर बोलत होता, आणि तरी मला त्याचं पूर्ण पटलं नाही. मी त्याला विचारलं, त्या किल्ल्यात एका हायलँडर पलटणीचं संग्रहालय आहे ना? आहे, म्हणाला, पदकंच पदकं. ती पलटण ज्या जुन्या ९३ व्या हायलँडर पलटणीतून झाली, ती नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत होती. एका दिवसात बागेच्या भिंतींआड दोन हजारांच्या आसपास हिंदुस्थानी शिपाई मारले गेले. त्या दिवसाची पदकं आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या राजाचा दगा सांगणं सोपं असतं, कारण डग्लसचे वारस आज कुणाच्या घराची काच फोडत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीचं सांगायला तेही अडखळतात. हे मी बोललो तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपणही अजून साडेतीनशे वर्षं थांबायचं?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी हसून सोडलं त्याचं एक कारण आहे. ते लिहूनच टाकतो. असा प्रश्न आला की आपल्यातले बरेच जण लगेच एक यादी म्हणायला लागतात. नूरबेग, दौलतखान, सिद्दी इब्राहिम, काझी हैदर. महाराजांच्या पदरी किती मुसलमान होते. यादी खरी आहे, आणि ती ज्या इतिहासकारांनी कष्टानं काढली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती म्हणताना आपण पोलीस चौकीत चारित्र्याचा दाखला देतोय असं मला वाटतं. उलट खानाच्या मोर्चात भावसिंह होता, इतर राजपूत होते, मराठे सरदार होते. त्यांच्या आजच्या वारसांना कुणी दाखला मागत नाही. मला यादीत जागा नको. माझे पूर्वज बहुधा कुठल्याच यादीत नव्हते. मुलाण्याचं काम गावात बकरं हलाल करून देणं. त्याचा वाटा खळ्यावर ठरलेला, कुंभार-सुताराच्या रांगेतला. किल्ला कुणाचाही असो, त्यांना बलुतं गावाकडून मिळायचं आणि फौज कुणाचीही आली तरी उभं पीक त्यांच्या गावचंच जायचं.

चाकणहून पुढं खेडला गेलो, म्हणजे राजगुरुनगरला. दहा-बारा किलोमीटर. भाच्याला आधी भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा दाखवला. २४ ऑगस्ट १९०८ चा जन्म, तेविसाव्या वर्षी फाशी. वाड्यात तो निवांत वाटला. तिथं कुणी कुठल्या बाजूचा हे विचारत नाही. मग दिलावरखानाच्या मकबऱ्यावर गेलो. मकबरा आणि शेजारी मशीद, १६१३ सालची. दगडी बांधकाम, वर घुमट, आत गारवा. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

१६१३ म्हणजे मलिक अंबरचा काळ. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, निजामशाहीचा कारभारी, जहांगिरासारख्या बादशहाला आयुष्यभर दमवणारा, आणि जमीन मोजून, पिकाची प्रत पाहून सारा बांधणारा. त्या निजामशाहीचा पाया घालणारा मलिक अहमद. त्याच्या बापाबद्दल फिरिश्ता सांगतो की तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचा मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. याच मलिक अहमदनं १४८६ च्या सुमारास चाकणचा किल्ला जैनुद्दीन नावाच्या किल्लेदाराकडून लढून घेतला. पुढं शतकभरानं निजामशाहीनंच पुणे, सुपे, चाकण हा मुलूख मालोजी भोसल्यांना दिला. म्हणजे चाकणचा किल्ला भोसल्यांकडं आला तो पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वंशजाच्या शिक्क्यानं. भाचा मकबऱ्याच्या पायरीवर बसून हे बोटांवर मोजत होता. “यात बाहेरचा कोण ते सांगा,” म्हणाला. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मजा आली.

दुसऱ्या रविवारी इंदुरी. तळेगाव-चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठावर. बाजूला तुकोबांचा भंडारा डोंगर. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी अठराव्या शतकात बांधलेली ही गढी. दरवाजा रुबाबदार आहे, बुरूज आहेत, नदीकडच्या बाजूला वारा आहे. चाकणला न दिसलेला “किल्ला” भाच्याला इथं दिसला आणि त्यानं पुष्कळ फोटो काढले. दाभाड्यांची गोष्ट मी त्याला थोडक्यातच सांगितली. खंडेरावांचा मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला. बाजीराव पेशव्याशी त्याचं बिनसलं, तो निजामाशी बोलणी करू लागला. १ एप्रिल १७३१ ला डभईच्या मैदानात मराठ्यांची मराठ्यांशी लढाई झाली आणि त्रिंबकराव गोळी लागून पडला. खुद्द शाहू महाराजांना त्याची आई उमाबाई हिची समजूत घालायला तळेगावी यावं लागलं. पुढं त्याच उमाबाईंनी सेनापतिपदाचा कारभार पाहिला. पंगतीतला दगा नव्हे हा, उघड्या मैदानातली लढाई. तरी घरातल्याच माणसाचा घरातल्याच हातून गेलेला जीव.

तिथं नदीकाठी बसून भाच्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपायला सुरुवात केली. चाकणच्या त्या पोरांपैकी एकाचा नंबर त्यानं घेतला होता हे मला तेव्हा कळलं. दोघांचं आठवडाभर बोलणं चाललं होतं. किल्ल्याच्या तोंडाशी माहितीचा फलक लावायचा पोरांचा विचार होता, मजकूर वेढ्याचा. भाच्यानं विचारलं, बहमनी काळातलं जेवणही घालणार का? त्या पोरानं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. लिहून पाठवा म्हणाला, बाकीच्यांना दाखवतो, ठरवतील काय ते. लावतील की नाही हे अजून नक्की नाही. १६६० च्या मजकुरात “इस्लामाबाद” हे नाव ठेवायचं की गाळायचं यावरही त्यांच्यात वाद आहे. माझं मत ठेवायचं. बदललेलं नाव आणि ते नाव न टिकलेलं, दोन्ही इतिहासच.

भाच्यानं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. “याच किल्ल्यात परदेशी मुसलमानांची दग्यानं कत्तल झाली.” मी म्हटलं, यातला “मुसलमानांची” काढ, मारणारेही मुसलमान होते. वाचणाऱ्याला ते कळणार नाही आणि तो भलतंच समजून जाईल. त्यानं काढला. मग “परदेशी” वर अडकला. आफाकी लिहिलं तर कुणाला समजत नाही. आफाक म्हणजे क्षितिज. क्षितिजापलीकडून आलेले ते आफाकी. परदेशी लिहिलं तर मारणं अर्धं योग्यच वाटतं, म्हणाला. त्यात त्याच्या स्वतःच्या पासपोर्टवर नुकताच तिथल्या नोकरीचा व्हिसा लागलेला.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून वाक्य केलं ते असं: बहमनी फौजेत पिढीदोनपिढी चाकरी केलेले इराणी, तुराणी, अरब शिपाई आणि त्यांची पोरंबाळं यांना शपथ घेऊन बाहेर काढलं, जेवायला बोलावलं आणि मारलं. मारणारे त्यांच्याच फौजेतले होते.

त्या पोराचा संध्याकाळी निरोप आला. मजकूर बरा आहे, पण लांब होतोय, फलकावर मावणार नाही. भाच्यानं मला विचारलं, काय कापू?

मी म्हटलं, फलक मोठा करा. पत्र्याचे जादाचे पैसे मी देतो.